पारखायला नेलेला माणूस

दादाने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं, यात त्याची काहीच चूक नव्हती. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या माणसाचा हात, गाडी थांबली की आपोआप मागच्या दाराकडे जातो. त्याच्या घरी पाहुणा टॅक्सीने आला तरी तो खाली धावत जाऊन दार उघडतो आणि टॅक्सीवाला त्याच्याकडे बघत राहतो. चूक माझी होती. ती मी त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत केली आणि मग दिवसभर तिच्यावर मजले चढवत गेलो.

मी फरशा विकतो. फरशा, बेसिनं, नळ, बाथरूमला लागेल ते सगळं. दुकानाला मी शोरूम म्हणतो, कारण दुकान म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. माझं गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर. ही मंडळी अशा गाड्यांतून येतात की दार लावल्याचा आवाजसुद्धा येत नाही. साइट बघायला जायचं असलं की माझ्या गाडीकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, ‘चला, माझ्याच गाडीतून जाऊ.’ हे वाक्य मी सात-आठ वर्षं ऐकलं. म्हणून मला गाडी हवी होती, आणि साधी नको होती. परदेशात कोणीतरी चार-सहा वर्षं वापरलेली, जहाजातून आलेली, जिचं नुसतं नाव घेतलं तरी समोरचा जरा सावरून बसतो, अशी.

आणि गाडी घ्यायची म्हणजे दादाला विचारायचं, हे ठरलेलंच होतं. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांकडे त्याने अख्खं आयुष्य ड्रायव्हरकी केली. निवृत्त झाल्यावर त्याला एक मान मिळाला, एवढा एकच. त्यांच्या भागात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की माणसं त्याला घेऊन जायची. दादा गाडीभोवती एक फेरी मारायचा, आत बसायचा, वास घ्यायचा आणि एकच शब्द बोलायचा. ‘घ्या’ किंवा ‘नको’. त्याच्या शब्दावर लोकांनी आपली आयुष्यभराची शिल्लक मोडलेली मी पाहिली आहे. तो कोणाकडून चहाखेरीज काही घ्यायचा नाही. घरी आला की वहिनीला सगळं साग्रसंगीत सांगायचा, आणि ती शेजारणीला.

मी मात्र माझ्या दादाबद्दल कधी साग्रसंगीत सांगितलेलं नाही. कॉलेजात कोणी विचारलं की मी म्हणायचो, ‘भाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे.’ ऐकणाऱ्याला वाटायचं, पाच-पंचवीस ट्रक असतील. मी वाटू द्यायचो. ही माझी जुनी खोड आहे. मी खोटं बोलत नाही, फक्त समोरच्याचा गैरसमज झाला तर त्याला अडवत नाही.

त्या सकाळी मी माझी गाडी घेऊन दादाला न्यायला गेलो तेव्हा तो खाली तयार उभा होता. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला पेन, दाढी गुळगुळीत. नोकरीत असताना घालायचा तसाच सगळा थाट. ‘अरे छोट्या, सरक. मी चालवतो,’ म्हणाला. सेहेचाळीस वर्षांच्या, पोट सुटलेल्या माणसाला जगात आता तो एकटाच छोट्या म्हणतो. शेजारच्या सीटवर माझ्या फरशांच्या नमुन्यांची खोकी रचलेली होती, ती उचलायचा मला कंटाळा आला. मी मागे बसलो. दोन फोन केले. जुन्या परदेशी गाड्यांचं यार्ड आलं, दादा उतरला, फिरून मागे आला आणि दार उघडून उभा राहिला.

यार्डवाला पायऱ्यांवरूनच बघत होता. मध्यम वयाचा, हसतमुख, बोटांत दोन अंगठ्या, आवाज असा की आपण त्याचे लांबचे नातेवाईक आहोत असं वाटावं. ‘या साहेब, या,’ म्हणाला आणि माझा हात हातात घेऊन त्याने मागे वळून दादाला सांगितलं, ‘ड्रायव्हर, गाडी त्या शेडखाली लावा. पाणी वगैरे तिकडे मागे आहे.’

हेच ते दोन-तीन सेकंद. ‘अहो, हा माझा मोठा भाऊ.’ एवढंच म्हणायचं होतं. मला शब्दसुद्धा सुचले होते, हे मुद्दाम सांगतो. पण यार्डवाल्याने मला ज्या नजरेने पायऱ्यांवरून पाहिलं होतं ती नजर माझ्यावर याआधी कोणी टाकली नव्हती. ड्रायव्हर असलेला माणूस म्हणून मी त्याच्यासमोर उभा होतो आणि मला ते आवडलं होतं. मी वळून दादाकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. तो माझ्याकडे जरासा थांबून बघत होता, मी काही म्हणतोय का म्हणून. मी काहीच म्हटलं नाही. मग तो ‘हो साहेब’ म्हणाला आणि गाडी शेडखाली लावायला गेला.

तो कोणाला साहेब म्हणाला, यार्डवाल्याला की मला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

गाडी पाहिली आणि मी विरघळलो. गडद निळी, सावलीत काळी दिसणारी. आत फिकट रंगाचं लेदर, लाकडी पट्ट्या, मागच्या सीटवर मधला हात टेकायचा भाग खाली ओढला की त्यातून पेले ठेवायला दोन खळगे बाहेर यायचे. स्टीअरिंग आपल्याकडच्या उलट बाजूला. सूचनांचं पुस्तक परक्या लिपीत. यार्डवाला म्हणाला, तिकडे एका डॉक्टरीणबाईंची होती, फक्त दवाखान्यात जायला-यायला वापरली. प्रत्येक जुन्या गाडीची मालकीण डॉक्टरीणबाईच का असते, हा विचार माझ्या मनात आला होता. मी तो हाकलून लावला.

दादा आला आणि आपल्या कामाला लागला. मी त्याला आधी कधी हे काम करताना पाहिलं नव्हतं. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. आधी चारही दारं उघडून तो प्रत्येक दारात वाकून श्वास घेत राहिला. मग डिकीतलं जास्तीचं चाक काढून त्याच्या खळग्यात हात घातला. मग पुढच्या सीटखाली बोट फिरवलं, सीट सरकते त्या रुळांवर, आणि बोट रुमालाला पुसून रुमाल बघितला. शेवटी मागच्या सीटवर बसला आणि सीटचा पट्टा ओढू लागला. आपण पट्टा ओढतो तो पोटाभोवती येईल एवढाच. दादा ओढतच राहिला, हात-दोन हात, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत तो कधी कोणी ओढत नाही. शेवटच्या वीतभरावर त्याने अंगठा फिरवला. मग पट्टा सावकाश परत जाऊ दिला.

यार्डवाला माझ्याशी मायलेजबद्दल बोलत होता, पण त्याचे डोळे पट्ट्यावर होते.

दादा माझ्याजवळ आला, नेहमीपेक्षा एक पाऊल लांब उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘साहेब, ही नको.’

‘का?’ मी विचारलं.

‘पाण्यात उभी होती. खिडकीपर्यंत. वरून धुतलीय, पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ राहिलीय. वायरी सगळ्या खालून जातात. सहा महिन्यांत रडवेल.’

माझा चेहरा पडला असणार. यार्डवाला मात्र अजिबात गडबडला नाही. हसत हसत त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला काचेच्या केबिनमध्ये नेलं. दादा बाहेर राहिला. केबिनच्या काचेला किल्ल्या आत-बाहेर द्यायला एक आडवी फट होती, बँकेच्या खिडकीला असते तशी, आणि दादा तिच्याशेजारी सावलीला उभा होता. हे मला खुर्चीवरून दिसत होतं. मला दिसत होतं, हे पुन्हा सांगतो.

‘साहेब, तुम्हाला सांगू नये, पण सांगतो,’ यार्डवाला म्हणाला. ‘आमच्या धंद्यात एक रीत आहे. साहेब ड्रायव्हर घेऊन गाडी बघायला आले, की ड्रायव्हरचं एक पाकीट ठरलेलं असतं. दिलं की गाडी चांगली. नाही दिलं की गाडी बुडालेली, ठोकलेली, जळालेली. तुम्ही फोनवर होतात तेव्हा तुमच्या माणसाने मला विचारलं. मी म्हटलं, बाबा रे, मी तसला धंदा करत नाही. आता बघा.’

हे खोटं होतं. मी फोनवर नव्हतोच, यार्डात उतरल्यापासून फोन माझ्या खिशात होता. आणि समजा असतो, तरी दादा पाकीट मागेल हे मला कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याच्या साहेबांच्या गाडीत एकदा कोणाची तरी सोन्याची बांगडी सीटखाली सापडली होती, ती द्यायला हा सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून गेला होता. हे मला सगळं माहीत होतं. यार्डवाल्याचं तोंड बंद करायला मला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते तेच होतं, जे मी सकाळी गिळलं होतं. आता ते बोलायचं म्हणजे सकाळचंही उघडं पडणार. ‘भाऊ आहे? मग आधी का नाही बोललात साहेब?’ असं तो हसून म्हणाला असता. त्या हसण्याला मी भ्यालो.

शिवाय मला गाडी हवी होती. खरं सांगायचं तर हेच मोठं कारण. दादाच्या ‘नको’मधून सुटायला मला एक वाट पाहिजे होती, आणि यार्डवाल्याने ती आयती काढून दिली.

मी खांदे उडवले आणि म्हणालो, ‘काय करणार. ही माणसं अशीच.’

नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. हे वाक्य माझ्याकडून कोणी मागितलं नव्हतं. मी ते आपणहून दिलं, तेही जरा मोठ्याने, साहेब लोक बोलतात तसं. काचेपलीकडे दादा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बत्तीस वर्षं मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू न आल्यासारखं दाखवायची त्याला सवय आहे, त्यामुळे त्याने ऐकलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी बदलली आणि परत ठेवला.

मी सह्या केल्या. माझी जुनी गाडी तिथेच बदल्यात दिली. बाहेर आलो तर दादाने माझं सामान नव्या गाडीत हलवलेलं होतं. फरशांची खोकी त्याने नीट, एकावर एक, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर ठेवली होती आणि मागचं दार उघडून उभा होता. डिकी रिकामी होती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण यार्डवाला निरोप द्यायला दारापर्यंत आला होता. मी मागे बसलो.

कोपरा वळल्यावर मी म्हणालो, ‘दादा, थांब ना. मी पुढे येतो.’

‘असू दे रे,’ तो म्हणाला. ‘या गाड्या मागे बसणाऱ्यासाठीच बनवतात. बस आरामात.’

यात टोमणा होता का? मी पूर्ण रस्ताभर त्याच्या मानेकडे बघून हे ओळखायचा प्रयत्न केला. तो उलट्या बाजूच्या स्टीअरिंगवर गाडी अशी चालवत होता की जणू जन्मभर तेच करत आला आहे. मध्ये एकदा म्हणाला, ‘गिअर छान पडतात.’ एवढंच. मला वाटलं होतं तो चिडेल, मग मी चिडेन, मग भांडण होईल आणि भांडणात कुठेतरी मला माफ कर म्हणता येईल. आमच्यात तसंच होत आलं होतं. पण त्याने मला भांडायला जागाच दिली नाही.

घरी सगळे खाली आले. बायकोने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मुलीने फोटो काढले, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर चष्मा पुसत आले. ‘तुम्हीच पारखली ना?’ त्यांनी दादाला विचारलं.

‘हो,’ दादा म्हणाला. ‘मीच बघितली.’

मला केवढं हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आज मला जास्त लाज वाटते.

सहा महिने कुठले, गाडीने मला सातव्या आठवड्यात रडवलं. आधी बारीकसारीक. खिडक्या आपल्या आपण खाली जायच्या आणि वर यायचं नाव घ्यायच्या नाहीत. सूर्य डोक्यावर असताना वायपर सुरू व्हायचे. शोरूमसमोर उभी असताना तिला मधूनच हॉर्न वाजवायची हुक्की यायची, आणि आतली गिऱ्हाइकं दचकून बेसिन सोडून बाहेर बघायची. मग एका दिवशी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो मोठा बिल्डर मागे बसलेला असताना, भर चौकात गाडीतले सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. चारही दारं आतून बंद. पाऊण तास आम्ही दोघं त्या थंड लेदरवर घाम पुसत बसलो. मेकॅनिकने येऊन दार उघडलं तेव्हा बिल्डर उतरला. त्याने टॅक्सी केली.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. गाडीचा गालिचा उचलून ठेवला होता. खाली बारीक, राखाडी, वाळलेला गाळ. त्याने त्यातून नखाएवढा एक शिंपला काढून माझ्या तळहातावर ठेवला.

‘कुठल्या समुद्राचा आहे कोणास ठाऊक,’ तो म्हणाला. ‘साहेब, नुसता पट्टा पूर्ण ओढून बघितला असता तरी कळलं असतं. बरोबर कोणी जाणकार नव्हता का?’

‘होता,’ मी म्हणालो.

तिथूनच मी यार्डवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग तितक्याच आपुलकीने म्हणाला, ‘साहेब, तुमच्या ड्रायव्हरने तर तुम्हाला माझ्यादेखत सांगितलं होतं. पट्ट्यासकट सांगितलं होतं. आता त्याचं ऐकायचं की माझं, हा निर्णय तुमचा होता.’ आणि फोन ठेवायच्या आधी, ‘तसा माणूस चांगला होता हो. मी पाकीट पुढे केलं तर हात मागे घेतला त्याने.’

म्हणजे पाकीट त्यानेच पुढे केलं होतं. मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही, कारण मला हे काचेच्या केबिनमध्येच कळलेलं होतं.

घरी बायको कपाळाला हात लावून बसली. ‘बत्तीस वर्षं गाड्या चालवल्या ना दादांनी? एवढंसुद्धा कळू नये?’

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘जाऊ दे गं. चुकतो माणूस.’ म्हणजे मी दादाला उदार मनाने माफ केलं.

पुढचं मला मास्तरांकडून कळलं. त्यांचा एक ओळखीचा दादाच्याच इमारतीत राहायचा. त्याला जुनी गाडी घ्यायची होती आणि त्याने दादाला रविवारी बरोबर यायला सांगितलं होतं. माझ्या गाडीची गोष्ट तिथवर पोचली आणि त्याने दुसऱ्या कोणाला तरी नेलं. दादा रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खाली येऊन उभा राहिला होता. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. ‘अर्धा तास उभे होते म्हणे,’ मास्तर म्हणाले. ‘वय झालं की नजर जाते हो माणसाची.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूम उघडायचं सोडून मी दादाकडे गेलो. ठरवून गेलो होतो की वहिनीसमोर सगळं सांगायचं. दाराशी कोण काय म्हणालं, केबिनमध्ये मी काय म्हणालो, सगळं, एक अक्षर न वगळता. वाटेत मी वाक्यं पाठ केली.

दार वहिनीने उघडलं. दादा खिडकीशी चपलेचा पट्टा शिवत बसला होता. मला बघून त्याने सुई बाजूला ठेवली. मी बसायच्या आधीच वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिचा चेहरा बघून मी पाठ केलेलं पहिलं वाक्य विसरलो.

‘भावजी, तुमची मी माफी मागते,’ ती म्हणाली. ‘यांच्यामुळे तुमचं एवढं नुकसान झालं. मला सांगत होते, नजर चुकली म्हणून. तेव्हापासून धड जेवत नाहीत.’

‘वहिनी, थांबा,’ मी म्हणालो. ‘दादाची नजर चुकली नव्हती. त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, ही गाडी नको. पाण्यात बुडालेली आहे हेसुद्धा सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.’

वहिनी दादाकडे वळली. ‘अहो, मग मला असं का सांगितलंत?’

‘त्याला गाडी आवडली होती गं,’ दादा म्हणाला. ‘आवडलेल्या गाडीला कशाला नावं ठेवायची.’

हे अर्धं सोपं होतं. हट्टी होतो, लोभी होतो, ऐकलं नाही. एवढं कोणीही कबूल करतो, आणि करून वर चांगला ठरतो. का ऐकलं नाही, हे उरलेलं अर्धं होतं, आणि मी त्यासाठी श्वास घेतला.

पण वहिनीचा चेहरा एकाएकी उजळला होता. ती माझ्याशेजारी येऊन बसली. ‘म्हणजे यांनी बरोबर पारखली होती,’ ती म्हणाली. ‘मला वाटलंच. आणि भावजी, ऐकलं नाहीत तर नाहीत, गाडी तुमची. पण तुम्ही तिथे जे केलंत ना, ते मी कधी विसरणार नाही. यांनी मला आल्या आल्या सांगितलं. गाडीतून उतरल्याबरोबर त्या मालकाला तुम्ही म्हणालात, हा माझा मोठा भाऊ. हा म्हणेल तसं. आणि मग त्याने यांना आत केबिनमध्ये नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. या माणसाने अख्खं आयुष्य असल्या ठिकाणी बाहेर उभं राहून काढलं, भावजी. तीन वेळा सांगायला लावलं मी यांना ते.’

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे आधीच पाहिलेलं होतं. दादाने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, वस्तू नाही, मदत नाही, वेळसुद्धा नाही. आता तो मागत होता. काय मागत होता हे कळायला मला एक शब्दही लागला नाही.

‘म्हणालात ना तसं?’ वहिनीने विचारलं. तिला शंका नव्हती. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

‘हो वहिनी,’ मी म्हणालो. ‘म्हणालो.’

‘काय म्हणालात?’

‘हा माझा मोठा भाऊ.’

वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि हसली. मग लगबगीने उठली. ‘थांबा, जाऊ नका. शेजारच्या बाईंना बोलावते. पारखलेलं कसं खरं होतं तेही ऐकू दे त्यांना, आणि हेही. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, तुमच्या तोंडून ऐकू दे.’

ती गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला दादाच्या पायाशी बसून खूप काही बोलायचं होतं. ‘दादा,’ मी म्हणालो. त्याने मान हलवली, नको म्हणून. गाडीला ‘नको’ म्हणायचा तेवढंच, एकदाच. मग चप्पल पायात घालून बघितली, उभा राहिला आणि जिन्यावर बायकांचे आवाज आले तसा पाठमोरा होऊन खिडकीतून खाली रस्त्याकडे बघायला लागला.

शेजारच्या बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघू लागल्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाडी थांबली, मी उतरलो, मालक पायऱ्यांवर उभा होता, आणि मी म्हणालो. त्यांना कमी ऐकू येत होतं. त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं, म्हणून मला ते वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं.